भाऊ मस्कतहून पैसे भरतोय तरी आईला पुस्तक मिळेना

सड्यावरचा (रत्नागिरी)
आईला डोळ्यांमुळे आता वाचता येत नाही. भाऊ मस्कतला असतो, त्याने तिकडून ऑडिओबुकचं गिफ्ट कार्ड घेऊन पाठवलं, मराठी पुस्तकं ऐकेल म्हणून. कोड टाकला तर म्हणे हे कार्ड तुमच्या देशात चालत नाही. बरं, खात्याचा देश बदलू म्हटलं तर आधी सगळी सबस्क्रिप्शन बंद करा, शिल्लक संपवा, मग बदला. शिल्लक ३७ रुपये. त्या दुकानात ३७ रुपयांत काहीच येत नाही आणि ती शून्य झाल्याशिवाय देश बदलत नाही, आता बसा!
मे महिन्यात तोच भाऊ आला तेव्हा खजूर, दूध पावडरचे डबे, दोन ब्लँकेटं सगळं बॅगेतून आलं. अडकलं फक्त पुस्तक, ज्याला वजनच नाही. लिहिणारा मराठी, ऐकणारी रत्नागिरीची, मधे ओमान आलाच कुठून?

जेटीवरून
राग समजतो पण दुकानाला शिव्या घालून उपयोग नाही, हक्कच देशागणिक विकले जातात. इंजिनियरिंगच्या इंग्रजी पुस्तकांवर 'फक्त भारतीय उपखंडात विक्रीसाठी' असं छापलेलं असायचं आठवतंय का? त्या बंधनामुळेच ती आपल्याला परवडली. किर्तसेंग नावाच्या थाई विद्यार्थ्याने तशीच स्वस्त पुस्तकं थायलंडहून मागवून अमेरिकेत विकली, प्रकाशकाने कोर्टात खेचलं आणि २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. पण ते कागदी पुस्तक होतं. डिजिटलला आपण विकत काही घेतच नाही, वापरायचा परवाना घेतो. कुंपण काढलंत तर सगळीकडे एकच भाव लागेल आणि तो रत्नागिरीचा नसेल. हापूस तरी वाशीला आणि दुबईला एकाच भावात जातो काय?

सड्यावरचा
हापूसचं नाव काढून फसलास. दुबईवाल्याने तिथल्या भावाने पेटी घेऊन मला भेट दिली तर मला खाता येते ना? भाऊ तिकडचा भाव मोजतोय रे, स्वस्तात मागतंय कोण!

वाशिष्ठीकाठ
मनात आणलं तर करता येतं. युरोपात २०१८ पासून असं देश बघून गिऱ्हाईक परत पाठवण्याविरुद्ध नियम आहे. शिवाय तिथल्या स्पर्धा कायद्याखाली पाच गेम कंपन्या आणि स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणारी व्हॉल्व्ह यांना २०२१ च्या जानेवारीत ७८ लाख युरो दंड झाला, एका देशात घेतलेला गेम दुसऱ्या देशात सुरू होऊ देत नव्हते म्हणून. (तरी तिथेही सिनेमे त्या २०१८ च्या नियमातून वगळलेत, आणि ई-पुस्तकं दुसऱ्या देशात विकायलाच हवीत अशी सक्ती नाही, त्यामुळे फार नाचू नका.)

माडाखाली (मालवण)
देश ऱ्हवांदे बाजूक, मराठी खंय आसा ता सांगा पयला! माझं खातं भारताचं, पत्ता मालवणचा, पैसे रुपयात, तरी भाषेच्या यादीत मराठी शोधायला तळापर्यंत जावं लागतं. शोधून बघा. 'दऱ्या' मधला ऱ्या दोन-तीन प्रकारे टाइप होतो, दिसायला सगळे सारखे पण मशीनला वेगळे, त्यामुळे पुस्तक दुकानात असूनही 'काही सापडले नाही' येतं. वेलांटी चुकली तर विषयच संपला.

जेटीवरून
मराठीत पैसे मोजून घेणारे किती आहेत पण? नवीन पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॅपवर फिरते, पुढे ढकलणारे आपणच. मग कोण कशाला मराठीचा वेगळा कप्पा नीट लावेल?

माडाखाली
दुकानात माल दिसणा नाय आणि गिऱ्हाईक येणा नाय म्हणान रडतत. पीडीएफ शोधायला मला अर्धं मिनिट लागतं, विकत घ्यायला संध्याकाळ गेली. चोरी बरोबर म्हणत नाहीये, पण सोपं काय केलंय ते बघा.

जेटीवरून
पीडीएफचं मान्य नाही. भेट कार्डाचं मात्र मान्य, तिथे भाव बुडायचा प्रश्नच येत नाही. व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं दुकानाला भासवणारं ॲप) लावून बघितलंस का?

सड्यावरचा
नाही, त्यावरून दुकानाने खातं बंद केलं तर आधीची घेतलेली पुस्तकंपण जातील. सध्या भाऊ रात्री फोन लावून त्याच्याकडचं पुस्तक स्पीकरवर ऐकवतो. ओमानचं घड्याळ दीड तास मागे, तो कामावरून येऊन जेवेपर्यंत इकडे आई पेंगते. काल तिसरं प्रकरण कसंबसं चालू झालं तर आमच्याकडे लाईट गेली आणि टॉवर पण.