दोन कान आहेत म्हणून आवाजाची दिशा कळते? एवढंच?

कानसेन :
कालच्या धाग्यावर एकाने ठणकावलंय, "ज्या कानात आवाज मोठा, त्या बाजूला. संपला विषय." संपला कसा? खर्जातला आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडच्या कानात जवळपास तेवढाच मोठा पोचतो. तिथे मेंदू उशीर मोजतो. अगदी एका बाजूने आलेला आवाजही दुसऱ्या कानाला फार तर ०.६-०.७ मिलिसेकंद उशिरा मिळतो, त्यावरून दिशा ठरते. डोक्याची 'सावली' पडते, म्हणजे पलीकडच्या कानात आवाज कमी पोचतो, ती वरच्या पट्टीत. भौतिकशास्त्रज्ञ रॅलेने १९०७ सालीच हे मांडलंय.

फटकळ :
तो 'एकाने' म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजता कशाला? बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांत एकदमच येतो. आता मोजा मिलिसेकंद!

कानसेन :
मोजायची गरजच नाही. कानाच्या बाहेरच्या वळ्यांवर आपटून आवाजाचा पोत बदलतो, त्यावरून पुढचं-मागचं, वरचं-खालचं कळतं. १९९८ च्या एका प्रयोगात लोकांच्या कानांत साचे बसवून त्या वळ्यांचा आकार बदलला, तर वर-खाली कळेनासं झालं. काही आठवड्यांत ते पुन्हा जमायला लागलं. साचे काढल्यावर जुनं कसबही शाबूत!

निशाचर :
अवांतर : मग धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आल्यावरचं ते 'टीक्' का सापडत नाही? तीन रात्री. ही म्हणे हॉलमध्ये, मी म्हणे जिन्यात. स्टुलावर चढून चालू अलार्म उतरवला, तरी टीक्. शेवटी कपाटातल्या खोक्यात जुना निघाला.

फटकळ :
हिलाच विचारायचं होतं, मेंदूला कशाला त्रास!

निशाचर :
तीन रात्री जागून बघा, मग विनोद करा.

कानसेन :
भांडू नका. ती एकसुरी शिट्टी साधारण ३ किलोहर्ट्झची. उशीर मोजायला फार उंच, वळ्यांना ओळखायला अनेक सूर लागतात, इथे एकच. त्यात इतकी तोकडी की मान वळवेपर्यंत गप्प. मान वळवली की पुढचं-मागचं सुटतं, हे मानसशास्त्रज्ञ वालाखने १९४० मध्ये दाखवलंय.

रिव्हर्सगिअर :
म्हणूनच रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या काही ट्रकांना हल्ली टूंटूंऐवजी फस्सफस्स खरखर देतात. तिच्यात सगळ्या पट्ट्या असतात, लगेच कळतं कुठून येतोय. माझ्या खिडकीखालचा मात्र अजून टूंटूंच. पहाटे पाचला!

फटकळ :
बरं, उपटलेत कान. 'संपला विषय' मागे. 'मोठा आवाज' मात्र निम्मा बरोबर होता, तेवढं लिहा.

कानसेन :
वरच्या पट्टीपुरता. लिहिलं.

निशाचर :
खोकं बाहेर ठेवलंय. आता दुसरंच काहीतरी वाजतंय.