ट्रायाजला मराठीत काय म्हणावं?

पानगळ
पुण्यातल्या एका हॉस्पिटलात एक अभ्यास सुरू होतोय. इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला डॉक्टरांनी बघेपर्यंत किती वेळ जातो, असा विषय. त्याचं माहितीपत्रक आणि संमतीपत्र मराठीत करायचं काम माझ्याकडे आलंय. 'ट्रायाज'पाशी, म्हणजे कुणाला आधी तपासायचं ते तब्येत बघून ठरवतात त्यापाशी, गाडी अडली. आधी 'प्राधान्यक्रम निर्धारण' लिहिलं. एथिक्स कमिटीत सामान्य माणसाच्या बाजूनं बघायला डॉक्टर नसलेलं कुणीतरी असतं, त्या बाईंनी शेरा मारला, "हे वाचून माझ्या आईला वाटेल, अकरावीचे प्रवेश चालू आहेत." मग 'प्रतवारी' केलं, तर डॉक्टर भडकले. माणसं म्हणजे काय कांदे आहेत का, म्हणे. वाक्य असं आहे: 'आल्यावर लगेच तुमचे ट्रायाज होईल व त्यानुसार तपासणीची वेळ ठरेल.' सुचवा. शुक्रवारी द्यायचंय.

पेठकरीण
निवडणे! मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थही निवडणं, वेगळं काढणं असाच आहे. आपण तांदूळ निवडतोच की.

गुळवेल
'आल्यावर लगेच तुमची निवड होईल.' अभिनंदन, पेढे कधी?
माझं मत: ट्राय म्हणजे त्रि. लाल, पिवळा, हिरवा असे तीन गट करतात, म्हणून त्रिवर्गीकरण. शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलेला दिसतोय.

रातपाळी
गुळवेल, मँचेस्टरच्या पद्धतीत पाच रंग आहेत हो. लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी दहा मिनिटं, पिवळा एक तास, हिरवा दोन तास, निळा चार तास. त्यांचं काय पंचवर्गीकरण करायचं?

मार्केटयार्ड
कांद्यांवरून आठवलं. फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी हा शब्द आधी लोकर आणि कॉफी निवडण्यासाठीच वापरला. फुटक्या बियांच्या हलक्या कॉफीलाही हाच शब्द होता. जखमी माणसांपर्यंत तो नंतर आला. नेपोलियनचा सर्जन लारे हुद्दा न बघता जखम बघून सैनिकांना हात लावायचा, म्हणून श्रेय त्याला देतात. तेव्हा डॉक्टरांनी कांद्यावर चिडायचं कारण नाही.
पण 'प्रतवारी' मलाही पटत नाही, वेगळ्या कारणानं. आमचा गुलटेकडीला गाळा होता. प्रतवारी केली की एक नंबरचा माल पुढे आणि खराब माल शेवटी. इमर्जन्सीत सगळ्यात वाईट अवस्थेतला माणूस आधी आत जातो. अर्थ बरोब्बर उलटा.

रातपाळी
हे आवडलं. मात्र मोठ्या दुर्घटनेत, एकदम पन्नास जखमी आले की तुमचा बाजारी नियम थोडा लागू होतो. जे वाचण्यापलीकडे आहेत त्यांना काळी पट्टी लावून मागे ठेवावं लागतं. एरवी नाही.
आता रोजचं सांगते. पायाचा घोटा सुजलेले काका बाकावर बसलेले असतात. मागून एक गृहस्थ स्वतः चालत येतात, शर्ट घामानं चिंब, जबडा धरलेला. सिस्टर त्यांना थेट आत घेते, कारण हार्ट ॲटॅकची शंका असली तर आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघून डॉक्टरांनी बघायला हवा. काकांचा मुलगा ओरडतो, "केसपेपर आम्ही आधी काढलाय!" त्याला निर्धारण सांगू की प्रतवारी? मी म्हणते, "दादा, इथं नंबर तब्येतीवरून लागतो." त्याला ते कळतं. तरी चिडतो, ते वेगळं. आपसात आम्ही 'ट्रायाजला घे', 'यलोत टाक' असंच बोलतो.

पेठकरीण
ते समजावणं झालं, संज्ञा नाही झाली. असंच सोपं करत बसलो तर मराठीत शास्त्र लिहायचं कधी? सावरकरांच्या 'महापौर'लाही लोक आधी हसले असतील. रुळला ना?

गुळवेल
आणि दूरध्वनी? बोर्डावरच राहिला.

पेठकरीण
रातपाळी, निदान 'पेशंट' तरी सोडा. 'रुग्ण' म्हणा.

रातपाळी
हाड मोडलेल्याला रुग्ण कसं म्हणू? आजार कुठाय त्याला?

मार्केटयार्ड
उलट तोच अस्सल रुग्ण! संस्कृतात रुज् म्हणजे मोडणे. रुग्ण म्हणजे मोडलेला. सर्दीवाल्याला तो शब्द मागाहून मिळाला.

पानगळ
मंडळी, ट्रायाज! शिवाय आता दुसरी अडचण आलीय. बेशुद्ध माणसाला अभ्यासात आधी घेतात आणि शुद्धीवर आल्यावर संमती विचारतात, त्याला काय लिहू? 'पश्चात संमती' लिहिलंय.

गुळवेल
पश्चातबुद्धीची धाकटी बहीण.
गंमत सोडा, पण हे चालतं कसं? आधी सुई टोचायची आणि मग विचारायचं?

रातपाळी
एथिक्स कमिटीनं आधी तपासून परवानगी दिली तरच. नातेवाईक असेल तर त्याला विचारतात. पण कधीकधी सोबत कुणीच नसतं, आणि थांबायला वेळही नसतो. अपघातातल्या रक्तस्रावावर ट्रानेक्सामिक ॲसिडचा मोठा अभ्यास झाला, 2010 साली प्रसिद्ध झाला. 40 देश, 20 हजारांवर पेशंट, आपल्याकडची हॉस्पिटलंही त्यात होती. त्यातून कळलं की औषध अपघातानंतरच्या पहिल्या तीन तासांतच द्यावं. उशिरा दिलं तर अपाय होण्याचीच भीती. सगळ्यांच्या सह्यांसाठी थांबले असते तर हे कळलंच नसतं. पानगळ, 'नंतर घेतलेली संमती' असं सरळ लिही, आणि नको असल्यास बाहेर पडता येईल हे ठळक अक्षरात.

पेठकरीण
'अनुसंमती' चांगला शब्द आहे.

मार्केटयार्ड
अनुमती आणि संमतीचं लग्न लावल्यासारखं वाटतंय.

पानगळ
आणि ट्रायाज? 'तब्येत किती गंभीर आहे ते नर्स बघतील व त्यावरून तुमचा नंबर ठरेल' असं केलं तर?

पेठकरीण
'नंबर' काय! क्रमांक लिहा. आणि 'नर्स'ला परिचारिका.

रातपाळी
आमच्याकडे निम्मे ब्रदर आहेत. परिचारक लिहिणार का?

गुळवेल
मला एक सांगा, 'इस्पितळ' पोर्तुगीजांचं ना? मग ते शुद्ध मराठी कसं, आणि हॉस्पिटल अशुद्ध कसं?

पेठकरीण
कोण म्हणालं ते शुद्ध आहे? शुद्ध शब्द 'रुग्णालय'.

मार्केटयार्ड
म्हणजे मोडलेल्यांचं घर. मग प्रसूतीच्या बाया कुठे जाणार?