‘विकास’ हा शब्द साठीनंतर चालतो का?

माणिकचौक :
मी बीएडच्या मुलांना मानवी विकासाचा पेपर शिकवते. पुढच्या महिन्यात जुळे सोलापुरातल्या एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बोलायचं आहे. विषय कळवला होता, ‘मानवी विकास : जन्मापासून वार्धक्यापर्यंत’. तिकडून निरोप आला, मॅडम, ‘विकास’ काढा. निम्म्या लोकांना हे स्मार्ट सिटीचं व्याख्यान वाटतंय आणि उरलेले विचारतायत, बहात्तराव्या वर्षी आमचा कसला विकास?

आमच्या पुस्तकांत तीन शब्द चोख वाटून दिलेले असतात. उंची-वजनासारखी मोजता येते ती वाढ. शिकवल्याशिवाय, वेळ आली की आतून येते ती परिपक्वता. आणि या दोन्हींत अनुभवाची भर पडून समजण्या-वागण्यात जो बदल होतो तो विकास. परीक्षेपुरतं ठीक आहे. मला कट्ट्यावर चालेल असा शब्द हवाय. कृपया ‘जीवनकाल विकास’ सुचवू नका, तो आमच्याकडचाच आहे.

पेठेतला :
कट्ट्यावरच्या लोकांचं बरोबर आहे. विकासचा मूळ अर्थ उमलणं. कमळ विकसतं. पुढे पाकळ्या गळतात त्याला कुणी विकास म्हणत नाही. शब्दात चढण आहे, उतार नाही. ‘जडणघडण’ घ्या, लगेच कळतो.

कडकभाकरी :
जडणघडण नको. तो आता चरित्राच्या दुसऱ्या प्रकरणाचा मथळा होऊन बसलाय. नायक नोकरीला लागला की जडणघडण संपली. शिवाय घडण म्हटलं की घडवणारा आला, आणि मूल नुसतं घडवून घेत बसत नाही, तेही आईबापाला घडवतं. पहिल्या पोराचे आईबाप आणि तिसऱ्या पोराचे आईबाप, माणसं तीच, वागणं बघा.

आणि पेठेतले साहेब, शास्त्रानं शब्द उचलला की व्युत्पत्तीचा त्यावर फारसा हक्क राहत नाही. पॉल बाल्टेस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९८७च्या लेखात हेच मांडलंय, की कोणत्याही वयात कमाई आणि घट दोन्ही एकदम चालू असतात, वयाप्रमाणे बदलतं ते त्यांचं प्रमाण. तान्हं बाळसुद्धा काहीतरी गमावत असतं. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळं हिंदीतला ‘त’ आणि ‘ट’ वेगळा ओळखतात. तीच ओळख वर्षाच्या आसपास बहुतेकांची गेलेली असते, कारण घरात तो फरक कानावरच पडत नाही. आपल्याकडं मराठी, कन्नड, तेलुगू तिन्हींत त-ट वेगळे, म्हणून ही गळती आपल्या लक्षात येत नाही. पण आपली भाषा कानात पक्की होते तेव्हा परक्या भाषेची दारं मिटायला लागतात, आणि याला शास्त्र विकासच म्हणतं. उतार त्या शब्दात आणून बसवलेला आहे, फक्त लोकांना कुणी सांगितलेलं नाही.

पेठेतला :
सांगावं लागतं, तिथंच शब्द हरला.

अंगणवाडीताई :
मी सोलापूरजवळ कुंभारीकडं काम करते. आयांसमोर ‘कारक विकास’ (म्हणजे हालचालींचा विकास) म्हटलं की त्यांना वाटतं पोराला काहीतरी झालंय. म्हणून आम्ही विचारतो, मान धरली का? पालथं पडतंय का? बसतं झालं का? रांगायलंय का? धरून उभं राहतंय का? एकेका क्रियापदात एकेक टप्पा, आणि उत्तर देताना आई अडखळत नाही.

फक्त ‘रांगणं’ आपण फार मनावर घेतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली पाच देशांतल्या मुलांवरून (त्यात भारतही होता) जे आकडे दिले, त्यांत आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने इतका ऐसपैस आहे. आणि शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी पुढं चालली. ‘अजून रांगत नाही, तुझं लक्ष कुठं असतं’ हे ऐकून घेणाऱ्या सुनेला एवढं सांगितलं तरी जीव भांड्यात पडतो. सासूलाही ऐकू जाईल असं सांगायचं, हे मात्र प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

माणिकचौक :
ताई, हे थेट वापरणार. आता उलट्या टोकाला, म्हातारपणालाही अशी क्रियापदं आहेत का?

हुरडाप्रेमी :
तीच आहेत की मॅडम. बाळानं मान धरली की पेढे, आजोबांची मान धरली की मलम. गुडघे धरतात, कंबर धरते. ‘फुटणे’ घ्या. वाचा फुटते, मिसरूड फुटतं, मग पोराला शिंगं फुटतात, आणि कपही फुटतो. ‘वाढणे’ तर त्याहून पुढचं. पोर वाढतं, वय वाढतं, पण बांगडी फुटली असं म्हणायचं नाही म्हणून आमची आजी बांगडी ‘वाढली’ म्हणायची. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. मंगळसूत्र तुटलं तरी ‘वाढलं’. अशुभ बोलायचं टाळायला हे झालं ते खरं, पण होऊन बसलंय असं, की कमाई आणि घट एकाच शब्दात. बाल्टेस साहेबांना जे लेखात पटवून द्यावं लागलं ते आमची आजी बांगडी भरताना म्हणून मोकळी व्हायची.

कडकभाकरी :
झकास. पण यातून शास्त्रीय संज्ञा निघत नाही. ‘मानवी वाढणे’ असा पेपर कुणी ठेवला तर पोरं पंगतीत वाढायला उभी राहतील.

गणेशपेठ :
विषयांतर होतंय का बघा, पण ‘वर्तन’ही असाच अडतो. लोकांना ‘वर्तणुकीचा दाखला’ माहीत, ‘गैरवर्तन’ माहीत. पुस्तकात मात्र डोळ्यांची उघडझाप, दचकणं, लाजणं, सगळंच वर्तन. तिथं चांगलं-वाईट काही नाही. कट्ट्यावर ‘माणसं अशी का वागतात’ एवढं म्हणा, पुरे.

पेठेतला :
मॅडम, एक विचारतो. वर्गात ‘पौगंडावस्था’ म्हणता का? संस्कृत टीकाकार देतात त्या श्लोकात कौमार पाचव्या वर्षापर्यंत, पौगंड दहाव्यापर्यंत, पुढं कैशोर पंधरा-सोळापर्यंत आणि नंतर यौवन. म्हणजे मराठी पुस्तकांनी पौगंडाला उचलून नेमकं त्याचं वय संपतं तिथं बसवलंय. सातवी-आठवीची मुलं कैशोरात आहेत, पौगंडात नव्हेत.

माणिकचौक :
म्हणावं लागतं, कारण प्रश्नपत्रिकेत तोच येतो. मुलं पहिल्या दिवशी हसतात, कानाला शिवीसारखा लागतो. सरकारी कागदांत मात्र ‘किशोरवयीन’च आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ला सुरू झाला, त्यात वय १० ते १९. तिथं तुमचा श्लोक आणि आरोग्य खातं बरेच जवळ आले म्हणायचे.

कडकभाकरी :
किशोरनंतरचा शब्द आपल्याकडं तयार आहे आणि आपण तो विनोदात घालवला. गद्धेपंचविशी! अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००० साली मांडलं, की अठरा ते पंचवीस हा स्वतंत्र टप्पा धरावा. ना किशोर ना पुरता मोठा. नोकरी, जोडीदार, मतं, सगळं चाचपून बघायचं वय. मराठीत त्याला ‘उदयोन्मुख प्रौढत्व’ असं काहीतरी करतात. आमच्या आजोबांनी वरची मर्यादाही तीच धरली होती, पंचवीस.

अंगणवाडीताई :
सगळ्यांना कुठं मिळते गद्धेपंचविशी? आमच्याकडं एकोणिसाव्या वर्षी पोरीच्या कडेवर मूल असतं, आणि सुपात विड्या वळायची पानं-तंबाखू. तिनं चाचपून कधी बघायचं?

कडकभाकरी :
ताई, हा आक्षेप आर्नेट यांनाही मान्य आहे. जिथं शिक्षण लांबतं आणि लग्न उशिरा होतं तिथंच हा टप्पा दिसतो, असं ते स्वतः म्हणतात. पौगंड काय, किशोर काय, शरीर त्या वयातून जातंच. गद्धेपंचविशी मात्र परिस्थितीनं दिली तर मिळते. दोन्हींना ‘अवस्था’ हा एकच शब्द लावतो हे खटकायला हवं.

मागावरचा :
साठी बुद्धी नाठी, यावर कुणीच कसं बोललं नाही? ‘नाठी’ म्हणजे नष्ट झालेली. वॉर्नर शाय या मानसशास्त्रज्ञानं १९५६ला अमेरिकेत सिएटलमध्ये एक अभ्यास सुरू केला. त्याच माणसांना दर सात वर्षांनी बोलावून तपासायचं, सोबत दर वेळी नवी माणसंही घ्यायची. त्यात दिसलं, की झटपट बघून ओळखण्याचा वेग लवकर ओसरतो, पण शब्दांची समज आणि साठवलेलं ज्ञान साठीपर्यंत सहसा ढळत नाही. खरी घसरण पुढची, तीही प्रत्येकाची निराळी. मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग केले, एक नवं काही चटकन उलगडणारी आणि दुसरी वापरून वापरून मुरलेली. शब्दांची समज ही त्यातली दुसरी.

आमचे चुलते यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. शेवटच्या काही वर्षांत चष्मा लावूनही तुटलेली तार (सुताचा धागा) त्यांना सापडायची नाही, पोरं शोधून द्यायची. पण कोणत्या मागाचं काय बिघडलंय हे ते दारातूनच आवाजावर सांगायचे. बाल्टेस यांचंच एक उदाहरण आहे, पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचं. म्हातारपणी ते कमी रचना वाजवत, त्यांचाच जास्त सराव करत, आणि वेगवान भागाआधी मुद्दाम संथ होत, म्हणजे पुढचा वेग जास्त भासावा. निवड, सराव आणि भरपाई. चुलत्यांनी नजरेचं काम पोरांवर टाकलं आणि कानाचं स्वतःकडं ठेवलं, याला मी तरी नाठी म्हणणार नाही.

माणिकचौक :
ठरलं. वर्गात ‘विकास’च ठेवते, बाल्टेसच्या अर्थानं, पहिल्याच तासाला त-ट सांगून. कट्ट्याला विषय कळवलाय, ‘वयाप्रमाणे माणूस कसा बदलतो’. ‘बदल’ हा थोडा पांचट शब्द आहे, पण तो चढ-उतार दोन्ही पोटात घेतो आणि त्यावर कुणी रागावत नाही.

एक राहिलं. चाळीस ते साठ या वयाला काय म्हणू? ‘मध्यमवयीन’ बातमीतला वाटतो (‘मध्यमवयीन इसमाचा मृतदेह’). ‘प्रौढ’ म्हटलं की प्रौढ साक्षरता, नाहीतर सिनेमाची पाटी. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५०मध्ये आयुष्याचे आठ टप्पे मांडले, त्यातला हा सातवा, पुढच्या पिढीसाठी काही उभं करायचं की स्वतःपाशी साचून राहायचं असा. त्याला शोभेल असं नाव हवंय.

हुरडाप्रेमी :
चाळिशी! आपण तर चष्म्यालाच वयाचं नाव दिलंय.

पेठेतला :
‘पोक्त’. फारसी ‘पुख्ता’वरून, पिकलेला, मुरलेला. सोयरीक बघायला जाताना अजून म्हणतात, सोबत एखादं पोक्त माणूस घ्या. त्या माणसाचं तिथं स्वतःचं काही नसतं, दुसऱ्याच्या पोरांचं जुळवून द्यायचं असतं. तुमच्या सातव्या टप्प्याला आणखी काय पाहिजे?

अंगणवाडीताई :
चालेल. पण बाईला बत्तिशीतच पोक्त करतात, तेवढं कट्ट्यावर बोला.