जिताडा सोडला, पण तो वाचला का? गरीला लागलेला मासा ठेवावा की सोडावा

वाघोटनकाठ:

नमस्कार. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. मूळ गाव देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या काठी आहे. गेली तीन वर्षे सुट्टीत गावी गेलो की खाडीच्या मुखाजवळच्या कातळावर बसून रॉड आणि रीळ घेऊन गरवतो. मागच्या दिवाळीत भरती संपता संपता माझ्या लूरला, म्हणजे नकली आमिषाला, एक जिताडा लागला. तो ओढून काठाशी आणायला दहा-बारा मिनिटे लागली. रॉडला लावून पाहिला तेव्हा तो नव्वद सेंटिमीटरच्या आसपास भरला. घरी आम्ही तिघेच होतो, आठ-नऊ किलो मासळी संपवणार कोण, आणि एवढा मोठा मासा म्हणजे अंडी घालणारी मादी असणार, असा विचार करून मी तो सोडायचे ठरवले. पुतण्याने मोबाईलवर फोटो काढले, मी जबड्यात बोटे घालून मासा उभा धरला, मग गळ काढून त्याला पाण्यात सोडले. तो थोडा आडवा होत खोल पाण्यात गेला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला कांदळवनाच्या कडेला तेवढाच जिताडा मरून पडलेला दिसला. शेपटीच्या पराचा तुकडा तुटलेला होता, आणि फोटोतल्या माशाचाही नेमका तसाच तुटलेला आहे. शेजारच्या आजोबांनी, ज्यांची हयात पाग (हाताने फेकायचे जाळे) टाकण्यात गेली, ते पाहून मला एवढेच विचारले, "गावलेली लक्ष्मी कोण परत धाडता रे?" मला उत्तर देता आले नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. मासा सोडणे हे खरोखर माशाच्या भल्याचे असते, की आपल्या मनाच्या समाधानाचे? आणि सोडायचेच असेल, तर कोणता मासा सोडावा आणि कोणता घरी न्यावा, हे कसे ठरवावे?

कातळकडा:

तुमचा मासा गळाने मेलेला नाही. दहा-बारा मिनिटांची ओढाताण, त्यानंतर हवेत गेलेला वेळ आणि जबड्याला धरून उभे टांगणे, या तिन्ही गोष्टी मिळून तो गेला असावा, असे तुमच्या वर्णनावरून वाटते. मी बरीच वर्षे रायगड आणि मुंबईच्या किनाऱ्यावर गरवतो आहे आणि सुरुवातीला याच तिन्ही चुका मीही केल्या आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

पाण्याबाहेर आलेल्या माशाच्या कल्ल्यांचे पातळ पदर एकमेकांना चिकटतात आणि श्वास जवळजवळ थांबतो. ओढाताणीने आधीच दमलेल्या माशाला अशा वेळी फोटोसाठी धरून ठेवणे म्हणजे उभी घाटी चढून आलेल्या माणसाचे नाक-तोंड दाबून त्याला हसायला सांगण्यासारखे आहे. पाण्यात त्याचे सगळे वजन पाणी पेलते; हवेत जबड्याला धरून टांगला की तोच भार जबड्याच्या सांध्यावर आणि कण्यावर येतो, आणि मासा जितका मोठा तितकी इजा अधिक. आणखी एक गोष्ट कातळाची. दिवसभर तापलेल्या कातळावर मासा ठेवला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. तो थर रोगजंतूंपासून त्याचे रक्षण करतो, त्यामुळे तेव्हा धडधाकट दिसलेला मासाही काही दिवसांनी मरू शकतो आणि आपल्याला ते कधी कळतही नाही. तुम्हाला ते कळले, हे खरे तर दुर्मीळच आहे.

यावर उपाय आहेत, पण ते सगळे गरी टाकण्याच्या आधी करायचे असतात. लूरचे तीन टोकांचे गळ काढून एकेरी गळ लावावेत आणि पकडीने त्यांच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून टाकावा, म्हणजे गळ क्षणात निघतो. बारीक दोरी वापरून मासा दमवत बसण्याची हौस असेल, तर तो मासा घरी न्यायची तयारी ठेवावी. मासा उचलायची झोळी रबराच्या जाळीची आणि गाठी नसलेली घ्यावी आणि मासा शक्यतो तिच्यातच, पाण्यात ठेवून गळ काढावा. हात ओले असावेत. वर उचलायचाच असेल, तर एक हात पोटाखाली देऊन आडवा उचलावा आणि अर्ध्या मिनिटात परत पाण्यात न्यावा. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरावे, पुढेमागे ढकलू नये, कारण मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटे जाते. तो स्वतः जोर करून हातातून सुटेपर्यंत थांबावे.

कोळंबीचे आमिष लावून गरवताना अनेकदा मासा गळ पोटापर्यंत गिळतो. अशा वेळी गळ उपसून काढण्यापेक्षा तोंडाजवळ दोरी कापून सोडलेला मासा जगण्याची शक्यता बरीच जास्त असते. कल्ल्यांतून रक्त येत असेल, तर मात्र तो मासा सोडू नये. तो घरी नेऊन खावा, आणि त्याबद्दल मनात अपराध ठेवू नये.

डोलकाठी:

आमचे घर मच्छीमारांचे आहे, त्यामुळे माझे मत इथे काहींना रुचणार नाही. कातळकडा यांनी सांगितलेली पद्धत योग्यच आहे, पण या चर्चेत 'सोडणे' हाच जणू पुण्याचा मार्ग आहे असे गृहीत धरले गेले आहे, त्यावर मला बोलायचे आहे.

प्रथम गरी आणि जाळे यांतला फरक पाहू. राज्य शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली: पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०, घोळ ७००. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा घोषित केले गेले. परंतु जाळ्यातून वर आलेले पापलेटचे पिल्लू बहुतेक वेळा आधीच मेलेले असते. ते समुद्रात परत टाकले तर घारींचे आणि कुरवांचे पोट भरते, एवढेच. म्हणून आमच्या धंद्यात मासा सोडायचा तो पाण्याखालीच, जाळ्याच्या आसातून, म्हणजे भोकांतून, सोडावा लागतो, आणि ट्रॉलच्या (बोटीमागे ओढत नेण्याच्या जाळ्याच्या) खोळीला ४० मिलिमीटरचा चौकोनी आस हवा हा आग्रह त्यासाठीच आहे. गरीवाल्याच्या हातात मासा जिवंत येतो. एकेका माशाचा निवाडा करण्याची जी सोय आम्हाला नाही ती तुम्हाला आहे, आणि तरीही ती फोटोत वाया जाते, याचे मला वाईट वाटते.

मच्छीमार काहीच सोडत नाही, असेही कोणी समजू नये. जाळ्यात कासव किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) अडकला तर जाळे कापून त्याला सोडणाऱ्यांना फाटलेल्या जाळ्यापोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना वन विभागाच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने डिसेंबर २०१८ मध्ये सुरू केली, आणि आमच्या लोकांनी तिचा लाभ घेतलेला आहे. महाकाय गोबरा, करवत मासा, समुद्रघोडा हे तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते कोणाच्याही गरीला लागले तरी सोडण्यावाचून पर्याय नाही, तेथे चर्चेला जागाच उरत नाही.

माझा आक्षेप वेगळाच आहे. पर्यटनाला आलेली काही मंडळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस मासे काढतात, सगळे सोडतात आणि 'आम्ही एकही मासा मारला नाही' असे अभिमानाने सांगतात. त्यातले चार-पाच तरी तुमच्या जिताड्याच्या वाटेने गेले नसतील कशावरून? ज्याने दोन तांबोशी पकडल्या, घरी नेऊन कालवण केले आणि गरी गुंडाळून ठेवली, त्याने खाडीचे कमी नुकसान केले, असे मी म्हणेन. शिंगाळ्याचे उदाहरण घ्या. त्याचा नर अंडी तोंडात धरून उबवतो. तो गरीला लागला की धडपडीत अंडी बाहेर फेकतो. मग त्याला कितीही हळुवारपणे सोडले, तरी पिढी गेलीच. जेथे असे नर लागू लागतात तेथून जागा बदलणे हाच उपाय आहे.

थोडक्यात, वाघोटनकाठ, आजोबांचा प्रश्न रास्त आहे. लक्ष्मी परत पाठवायची असेल, तर ती धडपणे घरी पोहोचेल याची काळजी घ्यायला हवी होती.

ब्रिस्बेनकर:

मी मूळचा अलिबागचा, सध्या ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये राहतो. येथे ज्याला बारामुंडी म्हणतात तो आपला जिताडाच आहे, गोव्यातला चोणक तोही हाच, जात एकच. त्यामुळे येथील नियम या प्रश्नाला थेट लागू पडतो. क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठी बारामुंडी ठेवता येत नाही. दोन्ही टोके सोडायची आणि मधला ठेवायचा, असा हा हिशेब आहे.

यामागचे कारण माशाच्या जीवनक्रमात आहे. जिताडा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, साधारण ८५ ते १०० सेंटिमीटरच्या आसपास, मादी होतो. म्हणजे लहान मासा सोडल्याने नराला एकदा तरी प्रजननाची संधी मिळते आणि फार मोठा सोडल्याने कोट्यवधी अंडी घालणारी मादी वाचते. नव्वद सेंटिमीटरचा मासा मादी असावा हा वाघोटनकाठ यांचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता चांगली होती. चूक हेतूत नव्हती. आमच्या खारेपाटात, म्हणजे अलिबाग-पेणकडच्या खाडीलगतच्या पट्ट्यात, घराजवळच्या तळ्यात जिताड्याची पिल्ले सोडून वाढवतात आणि जावई आला की त्याला तळ्यातला जिताडा वाढतात, हे अनेकांना ठाऊक असेल. पण गोड्या पाण्याच्या त्या तळ्यात जिताडा कितीही वाढला तरी अंडी देत नाही. त्यासाठी त्याला खाडीच्या मुखाजवळचे खारे पाणी लागते. म्हणजे तळ्यातली पिल्लेही शेवटी खाडीतल्या मोठ्या माद्यांच्याच जिवावर येतात.

हाच नियम डोळे मिटून सगळ्या माशांना लावता येत नाही. गोबऱ्याचे याच्या उलट आहे: तो आधी मादी असतो आणि मोठा झाल्यावर नर होतो, म्हणून मोठे गोबरे सगळे काढले तर नरच उरत नाहीत. तांबोशी लहानपणी खाडीत आणि कांदळवनात राहते आणि मोठी झाल्यावर बाहेरच्या खडकाळ समुद्रात जाऊन प्रजनन करते. त्यामुळे खाडीत मिळणारी वीतभर तांबोशी अजून एकदाही अंडी न दिलेली असते. डोलकाठी यांनी कालवणासाठी दोन तांबोशींचे उदाहरण दिले म्हणून हे मुद्दाम लिहिले, राग नसावा.

सोडण्याच्या नैतिकतेविषयी जगातही एकमत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्या हेतूनेच मासे गरवणे कायद्याने मना आहे, कारण खायचे नसताना प्राण्याला त्रास देणे त्यांना मान्य नाही. येथे मात्र मापात न बसणारा मासा सोडणे सक्तीचे आहे. मला दोन्ही कायद्यांमागचा विचार पटतो, आणि त्यामुळेच मी स्वतः रात्रीच्या जेवणापुरता मासा मिळाला की घरी परततो.

डोलकाठी:

राग कसला? वीतभर तांबोशी मीही नेत नाही. दोन म्हटले त्या हातभर लांबीच्या. पण खाडीतल्या तांबोशीविषयी तुम्ही लिहिले ते आमच्याकडे सर्वांना माहीत असतेच असे नाही, तेव्हा लिहिलेत ते बरे केलेत. एक भर घालतो. १ जून ते ३१ जुलै या बंदीत यांत्रिक नौका किनाऱ्याला असतात, आणि खाडीत गरी टाकणाऱ्याला वाटते की आपल्याला काय त्याचे. जिताडा पावसाळ्याच्या सुमारासच अंडी घालायला मुखाकडे येतो. नारळी पौर्णिमेपर्यंत मुखावर गरी न टाकण्याची जुन्या माणसांची रीत मला कोणत्याही मापाइतकीच शहाणपणाची वाटते.

वाघोटनकाठ:

सर्वांचे आभार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला माझ्याच मोबाईलमध्ये मिळाले. फोटोंच्या वेळा पाहिल्या: पहिल्या आणि शेवटच्या फोटोत चार मिनिटांचे अंतर आहे आणि त्या चारही मिनिटांत मासा पाण्याबाहेर आहे. तो माझ्या समाधानासाठीच सोडला होता, हे मान्य करतो.

आता लूरचे गळ बदलले आहेत आणि रॉडवर ६० आणि ८५ सेंटिमीटरवर तांबड्या रंगाच्या दोन खुणा केल्या आहेत. जिताडा दोन खुणांच्या मध्ये बसला तर ठेवायचा, नाहीतर झोळीतूनच सोडायचा, आणि एक ठेवला की त्या दिवशीचे गरवणे संपले. आजोबांना फोनवर हे सगळे समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मगे मधलो तरी घराक हाड." (मग मधला तरी घरी आण.) आता अडचण एवढीच उरली आहे की आमच्या कातळावरून घर पाऊण तासाच्या वाटेवर आहे. ठेवलेला मासा तोवर चांगला राहावा यासाठी काय करावे?

डोलकाठी:

गोणपाटात घालून तडफडत ठेवू नका. त्यात माशाचेही हाल होतात आणि मांसही मऊ पडते. ठेवायचा ठरला की लगेच डोक्यावर, डोळ्यांच्या किंचित मागे, लाकडी दांडक्याचा एकच जोराचा घाव घालावा, मग कल्ल्याखालची शीर कापून मासा पाण्याच्या बादलीत उलटा धरावा, म्हणजे रक्त निघून जाते. बर्फ घरूनच न्यावा, माशाच्या वजनाइतका, आणि तो कुटून त्यात थोडे समुद्राचे पाणी घालावे. नुसत्या खड्यांपेक्षा असा कालवलेला बर्फ माशाला सगळीकडून लागतो. पोट साफ करायला घाई नाही, ते घरी करावे. डोके मात्र फेकू नका, आजोबांना द्या.