'होल नाइन यार्ड्‌स' नऊवारीतून आलं?

मेथीची_जुडी: एका अमेरिकी मालिकेची सबटायटलं करतेय. लग्नाचा खर्च सांगताना एक बाई म्हणते, बँड, फुलं, तीन मजली केक, 'द होल नाइन यार्ड्‌स'. मी लिहिलं, 'सगळं साग्रसंगीत'. तपासणाऱ्या बाईंनी ते खोडून 'अगदी नऊवारी थाटात' केलं. वर शेरा: हा वाक्प्रचार आपल्या लुगड्यावरूनच इंग्रजीत गेलाय! खरंय का हे?

रिकामटेकडा: व्हॉट्सॅपवर आलं होतं. वार म्हणजे यार्ड, नऊ वार म्हणजे अख्खं लुगडं. इंग्रज इथे होतेच. मला तर पटलं बुवा.

खडूस_मास्तर: इतकं सहज पटतंय म्हणूनच संशय घ्यावा. मुळात हे इंग्रजांचं नव्हे, अमेरिकनांचं. 1907 साली इंडियानातल्या मिचेल गावच्या पेपरात बेसबॉलच्या संदर्भात 'फुल नाइन यार्ड्‌स' सापडतं. 1912 मध्ये केंटकीच्या पेपरात मात्र 'होल सिक्स यार्ड्‌स', आणि 1921 साली साउथ कॅरोलायनात मथळ्यातही सहाच! आकडाच कधी नऊ, कधी सहा होत असेल तर कुणी काही मोजलेलं दिसत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या 27 फुटी, म्हणजे नऊ यार्डांच्या, काडतूसपट्ट्याची लाडकी कथाही या तारखांपुढे टिकत नाही. आपलं 'सोळा आणे' बघा, तिथे रुपयात खरोखर सोळा आणे होते.

बत्तासा: सिक्स यार्ड्‌स? मग सहावारी म्हणा की! 😄

जर्सीकर: इथे ऑफिसात एकाने छातीठोकपणे अमेरिकन फुटबॉल सांगितलं. अरे, तिथे पुढच्या डावासाठी दहा यार्ड लागतात. नऊवर अडलात तर चेंडू समोरच्यांकडे जायची पाळी.

शुद्धमती: 'सबटायटलं' का? उपशीर्षके म्हणा. आणि 'यथासांग' असताना साग्रसंगीत कशाला? केकमध्ये संगीत कुठून आलं?

मेथीची_जुडी: यथासांग म्हटलं की मला सत्यनारायणच दिसतो. ती बाई वैतागून बोलतेय हो.

रिकामटेकडा: वैतागून असेल तर 'सगळा लवाजमा'.

माजघर: ते असू दे, पण आमची आजी 'नऊवारी' म्हणतच नसे. लुगडंच म्हणायची. सुना पाचवारी नेसायला लागल्या तेव्हा फरक सांगायला वार आले.

शुद्धमती: असं कसं? आमच्याकडे पूर्वीपासून नऊवारीच म्हणतात. लुगडं रोजचं, सुती. पैठणीला कुणी लुगडं म्हणेल का?

माजघर: म्हणायची! 'पैठणीचं लुगडं' असंच.

बत्तासा: दादरला दुकानात विचारलं तर मीटरमध्ये उत्तर मिळालं, सव्वाआठ. नऊ वार म्हणजे 8.23 मीटर, त्यामुळे हिशेब बरोबर आहे. पण काकू म्हणाल्या कासोट्याला पुरत नाही, दहावारी बघ.

खडूस_मास्तर: दहावारी असतं? कुठल्या भागात?