सहा तासांची सक्ती : खासगी कंपन्यांच्या सायबर सुरक्षेत सरकारने किती शिरावे?

दप्तरदार (धागाकर्ता)

जून २०१७ मध्ये नोटपेट्या या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) न्हावा-शेवा बंदरातील एका कंटेनर टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पाडली आणि तेथील कामकाज काही काळ हाताने करावे लागले. हा हल्ला भारतावर नव्हताच. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो पसरला, मेर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला आणि तिच्याच समूहाकडे असलेल्या आपल्या टर्मिनलपर्यंत पोचला. पुढे फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी त्याचा ठपका रशियाच्या लष्करावर ठेवला. दोन परक्या देशांच्या संघर्षाची झळ रायगड जिल्ह्याला लागली, ती एका खासगी कंपनीमार्फत.

सुरक्षेवर किती खर्च करायचा हे कंपनी स्वतःच्या संभाव्य तोट्यावरून ठरवते. बंदर अडल्यामुळे निर्यातदाराचे, ट्रकमालकाचे किंवा देशाच्या पुरवठ्याचे जे नुकसान होते, ते तिच्या ताळेबंदात दिसत नाही, आणि म्हणूनच हा निर्णय पूर्णपणे तिच्यावर सोपवणे मला धोक्याचे वाटते. अमेरिकेने इंधन वाहिन्यांच्या बाबतीत वर्षानुवर्षे ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वांवर भिस्त ठेवली होती. मे २०२१ मध्ये सायबर हल्ल्यामुळे कलोनियल पाइपलाइन ही इंधन वाहिनी बंद पडली, कंपनीने ७५ बिटकॉइन खंडणी भरली, आणि त्याच महिन्यात तेथील सरकारला घटना कळवण्याची सक्ती करणारा आदेश काढावा लागला. त्या तुलनेत आपल्या सर्ट-इनने (सायबर घटनांची दखल घेणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश (घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे, संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे) मला योग्य दिशेचे वाटतात. विरुद्ध मत असलेल्यांनी ते जरूर मांडावे.

कोकणकडा

सक्तीला माझा सरसकट विरोध नाही. ही सक्ती ज्या घाईने आणि ज्या एकतर्फी पद्धतीने झाली, तिला आहे. हल्ल्याच्या पहिल्या ६ तासांत यंत्रे जाळ्यापासून तोडायची, बॅकअप वाचवायचे, की अर्ज भरायचा? युरोपीय संघाच्या नव्या निर्देशात २४ तासांत प्राथमिक सूचना, ७२ तासांत पहिल्या मूल्यमापनासह सूचना आणि महिन्याभरात अंतिम अहवाल, अशी टप्प्याटप्प्याची सोय आहे. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यानेही ७२ तास दिले आहेत आणि खंडणी भरल्यास २४ तास.

सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत व्हीपीएन सेवांनी (इंटरनेटवर वापरकर्त्याची ओळख व ठिकाण झाकणाऱ्या सेवांनी) ग्राहकांची नावे, पत्ते व इतर तपशील ५ वर्षे ठेवावेत, असे कलम घुसवले गेले. परिणाम काय झाला? एक्स्प्रेसव्हीपीएनसारख्या कंपन्यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले आणि भारतीय ग्राहकांना परदेशी सर्व्हरवरून तीच सेवा चालू ठेवली. राष्ट्रीय सुरक्षेच्या पदरात काय पडले, ते कोणी सांगेल काय? त्यावर कडी म्हणजे नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्ट-इनला माहिती अधिकार कायद्यातून वगळण्यात आले. कंपन्यांनी सगळे सांगायचे आणि सरकारने काहीच सांगायचे नाही, याला नियमन कसे म्हणावे? नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ल्यामुळे दिल्लीच्या एम्सची यंत्रणा बंद पडून रुग्णांची नोंदणी कागदावर करावी लागली होती. ती संस्था खासगी नव्हती, एवढे नमूद करतो.

तिसरी पाळी

मी एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात काम करतो, त्यामुळे ही चर्चा मला थोडी वरून चाललेली वाटते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले आणि उरलेली रक्कम स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेमार्फत हाँगकाँगला वळवली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने पुढे या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. म्हणजे पुण्यातील ठेवीदारांच्या बँकेवर एका परक्या राष्ट्राने डल्ला मारला, असा त्याचा अर्थ होतो. रिझर्व्ह बँकेची सायबर सुरक्षा चौकट जून २०१६ मध्येच आली होती, पण ती व्यापारी बँकांसाठी होती. नागरी सहकारी बँकांसाठीचे परिपत्रक निघाले ऑक्टोबर २०१८ मध्ये, चोरीनंतर दोन महिन्यांनी.

त्या परिपत्रकानंतरच आमच्याकडे या विषयाला पैसे मंजूर होऊ लागले. तोपर्यंत फायरवॉल बदलण्याचा प्रस्ताव संचालकांपुढे गेला, की नव्या शाखेच्या फर्निचरनंतर पाहू, असे उत्तर ठरलेले असे. तेव्हा सक्ती निरुपयोगी असते, हे मला कोणी पटवू नये. पण तिची दुसरी बाजूही मी रोज पाहतो. लेखापरीक्षक येतो, धोरणाची फाइल आहे का ते विचारतो, ‘आहे’वर खूण करतो आणि जातो, ते धोरण अमलात येते का, हे तपासायला त्याच्याकडे वेळ नसतो.

शिवाय आमची यंत्रणा आमच्या हातात असते कुठे? जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या सेवापुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअरचा (खंडणीसाठी यंत्रणा कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हल्ला झाला, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिचा संपर्क तोडला आणि देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे ग्राहक यूपीआयला मुकले. त्या बँकांनी सगळे नियम पाळले असते, तरी त्या दिवशी फरक पडला नसता.

दप्तरदार

@कोकणकडा, ६ तासांत संपूर्ण अहवाल मागितलेलाच नाही. हाती असेल तेवढी माहिती आधी द्यावी आणि उरलेली वाजवी मुदतीत पुरवावी, असे सर्ट-इनने मे २०२२ च्या खुलाशात म्हटले आहे. पहिली खबर लवकर हवी, कारण तेच मालवेअर त्याच रात्री दुसऱ्या वीज कंपनीत किंवा बँकेत शिरत असू शकते. व्हीपीएनच्या कलमाचे समर्थन मी करणार नाही. त्याचा पायाभूत सेवांच्या रक्षणाशी फारसा संबंध नाही. गुप्ततेचे मात्र समर्थन करतो. कोणत्या कंपनीच्या भिंतीला कुठे भगदाड आहे, हे अर्ज करून कोणालाही मिळू लागले, तर त्याचा पहिला अर्जदार कोण असेल?

परिशिष्ट

वकिली व्यवसायातून एक भर घालतो. अमेरिकेच्या ज्या कायद्याचा दाखला वर आला आहे, त्यातही कंपन्यांनी दिलेले अहवाल तेथील माहिती अधिकारातून वगळलेले आहेत. पण तेथे वगळलेला आहे तो अहवाल, आणि आपल्याकडे वगळलेली आहे ती अख्खी संस्था. भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांपुरताच अपवाद उरतो. त्यामुळे किती घटना आल्या एवढे वार्षिक आकड्यांतून कळेल, पण आलेल्या खबरांवर सर्ट-इनने किती वेळात काय केले, हे विचारण्याची वाट बंद झाली.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. अमेरिकी कायद्यानुसार केवळ त्या अहवालाच्या आधारे कंपनीवर नियामक कारवाई करता येत नाही. आपल्याकडे तसे संरक्षण नाही. उलट निर्देश न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे आणि २०२३ च्या जनविश्वास कायद्याने त्या दंडाची मर्यादा १ लाखावरून १ कोटीवर नेली. सांगितले तर आपल्याच कबुलीचा पुरावा होण्याची भीती आणि न सांगितले तर शिक्षा, अशा कात्रीत अडकलेला अशील आधी मला फोन करतो आणि नंतर सर्ट-इनला. @तिसरी पाळी, बाह्य आयटी सेवांबद्दल रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये निर्देश काढले, परंतु ते मोठ्या नागरी बँकांपुरते होते. लहान बँका त्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या.

कोकणकडा

परिशिष्ट यांनी केलेला फरक मला मान्य आहे आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली आणि केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक असल्याचे सांगितले. भगदाडाचा नकाशा मी मागत नाही, पण या दोहोंपैकी खरे कोणते, एवढे तरी वीजबिल भरणाऱ्याला कळायला नको का?

तिसरी पाळी

@परिशिष्ट, कक्षेत आणलेत तरी आमच्या आकाराची बँक सेवापुरवठादाराशी करारातल्या अटींवर घासाघीस करू शकत नाही. तो छापील करार पुढे करतो आणि आम्ही सही करतो. तेव्हा तपासणी थेट त्या पुरवठादाराचीच व्हावी, तिचा निकाल त्याच्या सगळ्या ग्राहक-बँकांना कळावा, आणि एवढ्यापुरती सक्ती आणखी कडक झाली तरी माझी हरकत नाही.