८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डीबीएचा सराव: व्हीएम टाकली, पण आता पुढे काय?

प्रश्न

नमस्कार. मी ॲप्लिकेशन सपोर्टमध्ये आहे. एसक्यूएल रोजचंच, पण सर्व्हरला हात लावायची वेळ येत नाही. तो प्रॉडक्शन आहे, त्यामुळे ते योग्यही आहे. मला पोस्टग्रेस या डेटाबेसची डीबीए, म्हणजे डेटाबेस सर्व्हर सांभाळणारी, व्हायचंय. लॅपटॉपला ८ जीबी रॅम, एसएसडीवर १२० जीबी मोकळी जागा, वर विंडोज. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीएम (लॅपटॉपच्या आत चालणारं आभासी मशीन) करून तिच्यात उबंटू सर्व्हर चढवला, पोस्टग्रेस टाकलं, एक डेटाबेस तयार केला आणि तिथेच अडकले. इन्स्टॉल तर कुणीही करतं. सराव नेमका कशाचा करायचा? एवढ्या रॅममध्ये रेप्लिकेशन, म्हणजे दुसऱ्या सर्व्हरवर सतत ताजी प्रत ठेवणं, जमेल का? सहकारी म्हणतात, व्हीएमच्या भानगडीत पडू नकोस, डॉकर (पूर्ण मशीनऐवजी हलके कंटेनर) वापर.

उत्तर १

रॅम पुरते. डेस्कटॉप नसलेल्या उबंटूला दीड जीबी दिली तरी पोस्टग्रेस सुखाने चालतं. त्याचे शेअर्ड बफर्स (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) मुळात १२८ एमबीच असतात. म्हणजे दोन व्हीएमना मिळून तीन जीबी, बाकी विंडोजला. ब्राउझर तेवढा बंद ठेवा.

प्रत्येक व्हीएमला दोन नेटवर्क कार्डं द्या: एक नॅट, पॅकेजेस उतरवायला, दुसरं होस्ट-ओन्ली, दोघींनी एकमेकींशी बोलायला. होस्ट-ओन्लीचे पत्ते सहसा १९२.१६८.५६ ने सुरू होतात. ते स्थिर करून टाका, म्हणजे रेप्लिकेशनच्या मधोमध पत्ता बदलला असं होणार नाही.

आता सराव. सर्व्हर उभा राहिलाय ना, मग तो पाडायला घ्या. मी ज्यांना शिकवतो त्यांना पहिला धडा डिस्क भरण्याचाच देतो, कारण प्रॉडक्शनमध्ये हा प्रसंग येतोच आणि तेव्हा घाईत भलतंच काही केलं जातं.

व्हीएमला २ जीबीची वेगळी डिस्क जोडा. सर्व्हर बंद करून वॉल फाइलींची (प्रत्येक बदलाची नोंद पोस्टग्रेस आधी यांत लिहितं) डिरेक्टरी तिकडे हलवा, जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नेणारा दुवा) द्या. त्याच डिस्कवर २०० एमबीची एक रिकामी फाइल ठेवा, तिचं काम पुढे येईल. आर्काइव्ह मोड (वॉल फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवणं) चालू करा आणि आर्काइव्ह कमांडच्या जागी लिनक्सची ‘फॉल्स’ कमांड द्या. ती काहीच करत नाही, दर वेळी फक्त अपयश कळवते. मग पीजीबेंच, हे पोस्टग्रेसवर भार टाकून बघायचं साधन, स्केल १०० ने चालवा. एक कोटी ओळींचं टेबल तयार होतं, त्यामुळे वॉल भरपूर लिहिलं जातं.

दुसऱ्या खिडकीत डिस्क बघत बसा. १६ एमबीची एकेक फाइल साठत जाते. आर्काइव्ह झाल्याशिवाय पोस्टग्रेस ती काढत नाही. मॅक्स वॉल साइज १ जीबी असली तरी ती सक्तीची मर्यादा नव्हे, साठा तिच्याही पुढे जातो. आर्काइव्हरच्या आकडेवारीच्या व्ह्यूमध्ये अपयशाचा आकडा चढताना दिसेल. शेवटी लॉगमध्ये पॅनिक येतं आणि सर्व्हर बसतो.

आता हात शिवशिवतील: वॉलच्या जुन्या फाइली उडवाव्यात. त्यांना हात लावू नका! क्रॅशनंतर उभं राहायला सर्व्हरला त्याच लागतात. कमिट झालेलं काहीही गेलेलं नाही, फक्त जागा संपलीय. ती २०० एमबीची फाइल काढा, आर्काइव्ह कमांड दुरुस्त करून फाइली दुसऱ्या डिस्कवर जातील असं करा, मग सर्व्हर चालू करा. आर्काइव्ह होत जाईल तशी पुढच्या चेकपॉइंटांना (साठलेले बदल डेटा फाइलींत उतरतात तेव्हा) डिस्क आपोआप मोकळी होते. हे डोळ्यांनी पाहिलं की वॉल म्हणजे काय हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

दुसरा धडा पीआयटीआर, म्हणजे हव्या त्या क्षणापर्यंत डेटा परत आणणं. बेस बॅकअप (सर्व्हरच्या सगळ्या डेटाची प्रत) घ्या, थोडा डेटा भरा, घड्याळ बघून वेळ टिपा आणि एक टेबल ड्रॉप करा. बॅकअप आणि आर्काइव्ह दुसऱ्या व्हीएमवर नेऊन टिपलेल्या वेळेपर्यंत रिकव्हरी करा. त्या वेळेला पोहोचलं की पोस्टग्रेस थांबून राहतं, तेवढ्यात टेबल आहे का ते बघून घ्या. हव्या त्या क्षणाच्या फारच आधी थांबलात, तर सर्व्हर बंद करून वेळ पुढे सरकवता येते. पलीकडे गेलात, तर पुन्हा बॅकअपपासून सुरुवात. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत यासाठी रिकव्हरी डॉट कॉन्फ सापडेल. ती फाइल आवृत्ती १२ पासून गेली, तिच्या सेटिंग्ज आता मुख्य कॉन्फिगमध्ये असतात.

रेप्लिकेशन या दोन्हींनंतर. तिथे एचबीए फाइलमध्ये (कोण कुठून जोडू शकतं ते ठरवणारी फाइल) ‘रेप्लिकेशन’ची ओळ स्वतंत्र लिहावी लागते. डेटाबेसच्या रकान्यात ‘ऑल’ असलं तरी त्यात रेप्लिकेशन येत नाही.

उत्तर २

डॉकरवाल्यांची बाजू थोडी मांडतो. वेगवेगळ्या आवृत्त्या चटकन तपासायला ते उत्तमच. पण वर सांगितलेलं डिस्क जोडणं, एलव्हीएमने डिस्कचे भाग वाढवणं, सिस्टमडीने सर्व्हिस सांभाळणं ही मशीनवरची कामं आहेत आणि डीबीएला तीही यावी लागतात. त्यामुळे तुमच्यासाठी व्हीएमच.

दुसरी व्हीएम क्लोन करून बनवणार असाल तर नवे मॅक ॲड्रेस घ्यायला सांगा आणि उबंटूचा मशीन आयडीही नवा करा. नाहीतर डीएचसीपी दोघींना एकच पत्ता देऊ शकतो.

पुढेमागे ओरॅकल शिकायचं ठरलं, तर फ्री आवृत्ती या लॅपटॉपवर चालेल, ती २ जीबीच्या वर रॅम वापरतच नाही. अनेक मशीन मिळून एकच डेटाबेस चालवणाऱ्या ओरॅकलच्या रॅकचा नाद मात्र इथे नको. १९सी आवृत्तीत त्यासाठी लागणाऱ्या ग्रिड सॉफ्टवेअरला एका नोडसाठीच (मशीनसाठीच) किमान ८ जीबी लागते.

प्रश्नकर्ती

खूप आभार! डिस्क भरून पाहिली, अगदी तसंच झालं. पीआयटीआरही जमलं. रेप्लिकेशन लावून स्टँडबाय (प्रत ठेवणारा सर्व्हर) प्रमोट केला, म्हणजे त्यालाच मुख्य केलं, तोही छान चालतोय. दोन शंका आहेत. प्रत्येक प्रयोगाआधी व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला तर चालेल ना? आणि जुना प्रायमरी (आधीचा मुख्य सर्व्हर) परत कामाला कसा लावायचा?

उत्तर १

वा, झपाट्याने पुढे गेलात.

स्नॅपशॉट जरूर घ्या, पण दोन्ही व्हीएम बंद करून, दोघींचा एकाच वेळी. एकट्या प्रायमरीला मागे नेलंत, तर स्टँडबाय तिच्या पुढे निघून गेलेला असतो. मग लॉगमध्ये तक्रार दिसते, की मागितलेली जागा या सर्व्हरच्या वॉलच्या पुढची आहे. आणि काही बिघडलं की लगेच स्नॅपशॉटवर उडी मारू नका. आधी पोस्टग्रेसच्याच साधनांनी बाहेर पडा, त्यातच सगळं शिकणं आहे. स्नॅपशॉट पुढच्या प्रयोगासाठी पाटी कोरी करायला.

जुना प्रायमरी तसाच चालू करू नका. दोन्हीकडे लिहिलं जायला लागलं तर दोन वेगळे इतिहास तयार होतात आणि ते जुळवून देणारं काहीही नाही. पीजी रिवाइंड वापरा: जुना सर्व्हर बंद ठेवून त्याच्यावर ते चालवायचं आणि नव्या प्रायमरीचा पत्ता द्यायचा. दोघांची वाट जिथे फुटली तिथपासूनचे बदललेले ब्लॉक ते नव्याकडून आणतं, मग जुना सर्व्हर स्टँडबाय म्हणून जोडता येतो. महत्त्वाची अट: डेटा चेकसम (ब्लॉक बिघडलाय का ते ओळखणारे आकडे) किंवा वॉल लॉग हिंट्स ही सेटिंग आधीपासून चालू हवी. आवृत्ती १८ मध्ये नवा क्लस्टर (सर्व्हरची डेटा डिरेक्टरी) केला की चेकसम आपोआप चालू असतात. तुमची आवृत्ती त्याआधीची असेल तर आत्ता ‘शो डेटा चेकसम्स’ करून बघा. बंद दिसले, तर या वेळी जुना सर्व्हर पुसून नव्याने बेस बॅकअप घ्या, आणि नव्या प्रायमरीवर वॉल लॉग हिंट्स चालू करून रिस्टार्ट द्या. पुढचा फेलओव्हर (स्टँडबायला मुख्य करणं) त्यानंतरच.